सताचा गोटा

आबा सकाळी आंघोळ करून ओल्या धोतरानं घराबाहेर पडले, की आमच्या गल्लीला कळायचं, आज गावात कुणाचं तरी खरं ठरणार आहे. पोरंटोरं त्यांच्या मागं धावायची. मीही धावायचे, आणि बाकीच्यांना कोपरानं ढकलून सगळ्यांच्या पुढं. कारण ओल्या धोतरातला तो आडदांड माणूस माझा बाप होता, आणि ही गोष्ट गावानं एक दिवसही विसरू नये असं मला फार वाटायचं.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. राज्य निजामाचं. कचेरी लांब, तिथले कागद उर्दूत, आणि तिथून कुणी साहेब घोड्यावर बसून आला तर त्याच्या घोड्याच्या चंदीपासून त्याच्या जेवणापर्यंत सगळं गावाच्या बोकांडी बसायचं. त्यामुळे बांधाचे, पाण्याचे, गुराढोरांचे तंटे कुणी तिकडं नेत नसे. ते मारुतीपुढच्या गोट्याकडं जायचे. घागरीहून थोडा मोठा, काळा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला तो दगड. त्याला सगळे सताचा गोटा म्हणायचे. ज्याचा दावा असेल त्यानं आंघोळ करून, उपाशीपोटी यायचं, गोट्यावर हात ठेवून आपलं म्हणणं मोठ्यानं सांगायचं आणि गोटा गुडघ्यापर्यंत उचलायचा. उचलला तर म्हणणं खरं. मग पुढं कुणी एक शब्द बोलायचा नाही.

आता प्रत्येकाला काही तो गोटा उचलत नसे. म्हातारे, आजारी, बायाबापड्या यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी गावानं सोय केली होती. त्यांनी दुसऱ्याचा हात उसना घ्यायचा. दावा आपला, हात त्याचा. आणि गावात गोटा हमखास उचलणारा हात एकच होता, आमच्या आबांचा. जो आधी येऊन नारळ देईल त्याच्यासाठी आबा उचलायचे. हळूहळू धडधाकट माणसंही स्वतः वाकायची सोडून आमच्याकडंच नारळ घेऊन येऊ लागली. आमच्या घरात खोबऱ्याला कधी तोटा पडला नाही.

तुम्ही म्हणाल, हा तर सरळ सरळ बळी तो कान पिळी. पण आबा तसे नव्हते. रुतलेली गाडी चाकाला खांदा लावून बाहेर काढणारा हा माणूस पालीला भ्यायचा. भिंतीवर पाल दिसली की "आगं, तिला जरा बाहिर काढ" असं मायला सांगून अंगणात जाऊन उभा राहायचा. आजारी वासरू छातीशी धरून पांदीनं चालत आणायचा. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही. नारळ घेऊन आलेल्या माणसाला ते एकच विचारायचे, "खरं हाय न्हवं?" तो म्हणायचा, "खरं हाय." तेवढ्यावर आबांचं समाधान व्हायचं. कारण आबांचा पक्का विश्वास होता की माणूस खोटं बोलत असेल तर गोटा उठणारच नाही. मग आपण कशाला डोकं चालवायचं? बघेल तो मारुती आणि त्याचा गोटा. आबांनी हात घातला आणि गोटा उठला नाही असं कधी घडलं नव्हतं. म्हणजे आबांनी ज्याची ज्याची बाजू घेतली तो प्रत्येक जण खरा होता. माझ्या बापाला यात कधी काही खटकलं नाही, यावरून त्याचं मन किती निर्मळ होतं ते कळावं. डोक्याबद्दल मी बोलत नाही. त्याबद्दल माय बोलायची.

माय आबांच्या काखेतही पोचत नसे. "देवानं ह्यांच्या दंडात समदं भरलं आन वर काय ठिवायचं त्येच इसरला," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि आबा मान डोलावून हसायचे. संध्याकाळी दिवेलागणीला चुलीपाशी बसून ती आम्हा भावंडांना गोष्टी सांगायची. आबा दाराबाहेर अंबाडीचं चऱ्हाट वळत बसायचे. आपण गोष्ट ऐकत नाही असं त्यांना दाखवायचं असे, पण गोष्ट रंगात आली की चऱ्हाटाचा पीळ थांबायचा आणि आम्हाला समजायचं.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट एका सुनेची होती. तिच्यावर चोरीचा आळ येतो. सासू म्हणते, खरी असशील तर हे जातं उचलून दाखव. सून मुठीएवढी, जातं दोघींना न हलणारं. ती डोळे मिटून हात घालते आणि जातं फुलासारखं वर येतं. इथं बाहेरून आबांचा मोठा श्वास ऐकू यायचा. मी एकदा मायला विचारलं, "सून खरी व्हती म्हनून तिला ताकद आली. मग आबांना एवढी ताकद कामून हाय? आबा लय खरे हायत का?" माय भाकरी थापता थापता म्हणाली, "तुजे आबा लय भाकरी खातेत." बाहेर चऱ्हाट वळणं पुन्हा सुरू झालं.

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, आबांचा घोटाळा त्या चुलीपाशीच झाला होता. गोष्टीत माणूस आधी खरा असतो आणि त्या खरेपणातून त्याला बळ येतं. आबांनी ते उलट्या टोकानं धरलं. बळ दिसतंय ना, मग आत खरेपणा असणारच. गावानंही तसंच धरलं. मला विचाराल तर आजही पुष्कळ शिकलेली माणसं तसंच धरून चालतात, फक्त त्यांच्यापुढं गोटा नसतो.

त्या वर्षी माय तिच्या भावजयीच्या बाळंतपणाला राणीसावरगावला गेली होती. तेव्हा ते विहिरीचं प्रकरण झालं. आमच्या गल्लीत एक विधवा बाई राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचं रान थोडकं. वांगी, मिरच्या, कांदे लावून आठवडी बाजारात विकायची आणि त्यावर स्वतःचं आणि दोन लेकरांचं भागवायची. तिची विहीर शेजारच्या एका मोठ्या कास्तकाराशी सामाईक होती. आठवड्यातल्या दोन दिवसांची पाळी मावशीच्या नवऱ्याची, बाकीची त्या कास्तकाराची. नवरा असताना त्याचा बैल आजारी पडला आणि मोट बंद झाली, तेव्हा त्यानं आपली पाळी कास्तकाराला दिली. मग बैलाच्या आधी तो स्वतःच तापानं गेला. वर्ष सरल्यावर मावशीनं भावाकडून बैल आणले आणि आपले दोन दिवस मागितले. कास्तकार म्हणाला, "तुज्या मालकानं पाळी मला कायमची दिलती."

नवऱ्याचं आणि कास्तकाराचं ते बोलणं झालं तेव्हा तिथं कुणी गडीमाणूस नव्हता. म्हणजे गोटा. मावशी कुणाचा हात उसना घ्यावा या विचारात होती, तेवढ्यात कास्तकार नारळ घेऊन आमच्या अंगणात आला. "खरं हाय न्हवं?" आबांनी विचारलं. "खरं हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आबा ओल्या धोतरानं निघाले, मी कोपरं मारत पुढं गेले, आणि गोटा उठला. पदराचं टोक तोंडात धरून मावशी घरी गेली. मला तेव्हा ती हरली याचं वाईट वाटलं, पण ती खोटी ठरली होती. खोट्या माणसाचं फार वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं मला गोष्टींनीच शिकवलं होतं.

माय परत आली तेव्हा मावशीच्या रानातल्या मिरच्या सुकायला लागल्या होत्या. मायनं ते येतानाच पाहिलं, आणि गोट्याचंही गल्लीत ऐकलं. घरात येऊन तिनं गाठोडं खाली ठेवलं, पाणीसुद्धा प्यायली नाही. आबा भाकरी खात होते.

"मावशीच्या पाळीचा गोटा तुमी उचलला?"

"व्हय. त्यानं नारळ आनला व्हता."

"त्ये खोटं हाय."

आबांचा घास हातात राहिला. माय सांगू लागली. ते बोलणं झालं त्या दिवशी ती शेजारच्या रानात खुरपायला होती. बैल ज्या उतारावरून मोट ओढतात त्या धावेवर दोघं उभे होते. मावशीचा नवरा म्हणाला होता, "माजा बैल बरा हुईस्तोवर तू वढ." हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"मग आदी कामून सांगितलं न्हाईस?"

"मी हितं व्हते का? आन असते तरी पारावर मला कुनी इचारलं असतं?"

आबांनी घास ताटात ठेवला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आगं, पन खोटं असतं तर गोटा उठला असता का?"

माय चिडेल असं मला वाटलं होतं. ती त्यांच्या जवळ बसली, त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "आवं, त्यो तुमी उचलला म्हनून उठला."

त्या दिवशी आबांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात देवळाकडं चिटपाखरूही नसताना, आबा मला म्हणाले, "चल." आंघोळ करून ते ओल्या धोतरात होते. पण हातात कुणाचा नारळ नव्हता. गोट्यापाशी आल्यावर त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "आज आमुशा हाय." अमावास्या होऊन चांगले आठ दिवस झाले होते. गोटा उठला. आबांनी तो खाली ठेवला, तळहात धोतराला पुसले. "माजी बायकू लय गरीब सोभावाची हाय," ते म्हणाले. गोटा उठला. "ह्ये काई धरता येत न्हाई," ते स्वतःशीच पुटपुटले, "कंदी कंदी असती बी."

मग ते थांबले. माझ्याकडं पाहिलं. त्यांना त्यांच्या जगातलं सगळ्यात मोठं खोटं हवं होतं, असं की मारुतीनं गोटा जमिनीला खिळून टाकावा. गोट्यावर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "मला लेक न्हाई."

त्यांनी जोर लावला तेव्हा त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. ते "उटू नको, उटू नको" म्हणत होते. गोटा उठला, जसा नेहमी उठायचा तसा, गुडघ्यापर्यंत.

मी रडायला लागले. मला कसोटी वगैरे काही कळत नव्हतं. मी एवढंच ऐकलं होतं की माझ्या बापानं मला नाही म्हटलं आणि देवानं त्याला खरं ठरवलं. "आबा, मी हाय की," मी म्हणाले. आबांनी गोटा खाली ठेवला, मला उचलून घेतलं आणि देवळाच्या पायरीवर बसले. तेही रडत होते. मग हाताच्या बोटांवर ते माणसं आठवू लागले. बांधाच्या तंट्यातला, म्हशीच्या तंट्यातला, चिंचेच्या तंट्यातली म्हातारी. ज्यांच्यासाठी गोटा उचलला ती नव्हे. समोर उभी राहून गप्प घरी गेली ती.

गप्प बसायला आबांना काही अडचण नव्हती. त्यांच्या आणि माझ्याशिवाय हे कुणी पाहिलं नव्हतं. गावात त्यांना जो मान होता तो सगळा त्या गोट्यावर उभा होता. घरी आल्यावर ते मायला म्हणाले, "ह्ये सांगितलं तर लोक मला काय म्हनतील?" माय म्हणाली, "लय काई म्हनतील." मिरच्या सुकत होत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी मारुतीला गर्दी असते. आबा आंघोळ करून निघाले. "आज कुनाचा दावा?" लोक विचारू लागले. "माजा," आबा म्हणाले. त्यांनी मला पारावर उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि गोट्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "मला लेक न्हाई." लोक हसले. आबांनी गोटा उचलला आणि तसाच धरून उभे राहिले. मान ताठ, शिरा तटतटलेल्या. हसू हळूहळू विरलं.

"आता सांगा," आबा म्हणाले, "ह्यो गोटा खरा का माजी लेक खरी?"

मग एकदम सगळे बोलू लागले. गुरव म्हणाला, देवाची थट्टा मांडलीय. कास्तकार पुढं आला. "म्हंजी मी खोटा?"

"मला म्हाईत न्हाई," आबा म्हणाले. "मी इचारलंच नव्हतं. मला वाटायचं, गोटा इचारतोय. गोट्याला वाटत असंल, मी इचारतोय. आता आपुन इचारू. त्ये बोलनं कुनी ऐकलं असंल तर सांगा. गडी असू द्या न्हाईतर बाई."

बायकांच्या घोळक्यातून माय पुढं आली. पदर डोक्यावरून सारखा केला. पारावर बाई बोलायची नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती पाराखालीच उभी राहिली आणि तिथून बोलली. बैल बरा होईपर्यंत, एवढेच ते शब्द. कास्तकार म्हणाला, "नवऱ्यानं पढिवलं, बायकू बोलायली." तेव्हा वाणीणकाकू, म्हणजे दुकानदाराच्या घरची, गळ्यातला इष्टलिंगाचा करंडा शपथेसारखा मुठीत धरून उभी राहिली. "मी बी व्हते," ती म्हणाली. "मेथी न्यायला गेल्ते. मी बी तेच ऐकलं. त्या दिवशी हितं मला कुनी इचारलं न्हाई."

कास्तकार काही राक्षस नव्हता. वर्षभर पाणी ओढता ओढता ते आपलंच आहे असं त्यालाही वाटू लागलं असावं. गोट्यानं त्याला तसं सांगितलंही होतं. शेवटी तो म्हणाला, "असंल बुवा. म्हनला असंल तसं." पुढच्या पाळीला मावशीचे बैल धावेवर उतरले. तिनं आमच्याकडं नारळ पाठवला नाही, कांद्याची पात पाठवली. माय म्हणाली, इतकी गोड पात तिनं कधी खाल्ली नव्हती.

गोष्ट असती तर इथं संपली असती. पण आबांना पुढं गावातच राहायचं होतं. जे जुन्या तंट्यांत हरले होते ते एकेक करून दारात आले. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसते बसून गेले. आबा उंबऱ्यावर बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. काहींचं निस्तरता आलं, काहींचं नाही. ती चिंचेवाली म्हातारी तर तोवर मेली होती, आणि तिच्या नावानं आबा पुढं दर साली तिच्या नातवाच्या रानात एक दिवस नांगर धरायचे. हात उसना मागायला मात्र कुणी आलं नाही. लोक त्यांना टाळत नव्हते, पण पाहून रस्ताही देत नव्हते. माझा सहा फुटी बाप त्या दिवसांत मला थोडा बुटका झाल्यासारखा दिसायचा. मला त्याचा राग यायचा. गावाचा राग यायचा, आबांचा नव्हे. त्या माणसानं कुणाच्याही सांगण्यावाचून आपल्या अंगावरचा मान उतरवून ठेवला होता, आणि गावाला फक्त उघडं अंग दिसत होतं.

पुढं काही वर्षांनी दिवस बिघडले. बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरू लागली, आणि ज्याच्या हाती बंदूक त्याचं म्हणणं खरं मानायची पाळी आली. लोक घाबरून हो ला हो म्हणायचे. घाबरायचे आबाही. पण घरात येऊन दार लावल्यावर म्हणायचे, "हातात हाय म्हनून खरं न्हाई. मी उचलून बगितलंय." ते बंदूकवाले गेले, निजामही गेला. गोटा तिथंच राहिला, नुसता दगड होऊन.

मायच्या गोष्टीही बदलल्या. त्या सुनेला आता जातं उचलत नसे. ती दमून बसायची आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना हाका मारायची, "कुनी पाह्यलं असंल तर या गं." मग बायका यायच्या. आम्हाला ही गोष्ट तितकी आवडत नसे. बाहेरून चऱ्हाट वळता वळता आबा एकदा काकुळतीनं म्हणाले, "आगं, एकडाव तरी उचलू दे की तिला. लय दिस झाले." माय हसली आणि त्या दिवशी तिनं जातं उचलू दिलं. फुलासारखं. बाहेर मोठा श्वास ऐकू आला. एवढं सगळं होऊनही आबांना ती गोष्ट हवी होती, आणि मला वाटतं ती हवी असण्यात काही चूक नव्हती. मलाही ती अजून हवी असते.

लग्न होऊन मी सेलूला गेले. माहेरी आले की आबा अंगणातून ओरडायचे, "मला लेक न्हाई." मी म्हणायचे, "मग ही कोन आलीय?" आणि दोघंही हसायचो. माय वारल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्यापाशी होते. ज्या हातांनी गोटा उचलला त्यांना पाण्याचा पेला धरवत नव्हता. पाणी पाजायला त्यांना बसतं करायचं होतं. मी पाठीखाली एक हात घातला, गुडघ्याखाली दुसरा, आणि उचललं. ते अगदी सहज वर आले. आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून, फार दिवसांनी, ते पूर्वीसारखे हसले.

"हलका लागलो का गं?" ते म्हणाले. "म्हंजी मी खरा ठरलो."

"हलके आजारानं झालात, आबा," मी म्हणाले. "खरे त्या शनिवारीच ठरलात."